डोळे कधी काढणार?

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिचं घराबाहेर पडणं हळूहळू बंदच झालं. एका दुपारी लेकीची झिजलेली पेन्सिल हाताला लागली, तेव्हा तिने सहज म्हणून औषधाचं रिकामं खोकं उलगडलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सासूबाईंचा चेहरा काढला. शाळेत आपला हात चांगला होता, हे ती पार विसरून गेली होती.

हौशी चित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर तिने ते चित्र भीत भीत टाकलं. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. मग तिला नादच लागला. उशीवर कललेली मान, किंचित उघडं तोंड, चादरीवर सैल पडलेला सुरकुतलेला हात, असं काही ना काही ती रोज काढू लागली. दिवसभरात तेवढाच काय तो वेळ तिचा स्वतःचा होता.

ग्रुपवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. एकदा त्यांनी तिच्या चित्राखाली लिहिलं, "ताई, हात मस्त बसलाय तुमचा. पण प्रत्येक चित्रात आजींचे डोळे मिटलेलेच कसे? डोळे काढायला घाबरू नका. रविवारी सकाळी दोन तास मी फक्त डोळेच शिकवणार आहे, नक्की या."

"खरंय सरांचं," खाली कुणीतरी लिहिलं, "डोळ्यांशिवाय चित्रात जीव येत नाही."

तिने बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं.



"डोळे काढता येतात हो सर मला. पण त्यांनी डोळे उघडले की मला उठावं लागतं."