ताप नसलेलं पडसं

अनुपमाने चार शिंका दिल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "नीज जा तू."

थोरली सून मालन पोळ्यांचं पीठ चाळत होती. तिचं डोकं तिथंच सटकलं. या घरात नुसत्या पडशाला सुट्टी नसते, ताप असेल तरच सुनेनं निजायचं, हा नियम सासूबाईंचाच होता. मालन तो आठ वर्षं पाळत आली होती. धाकटीच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. ती चादर ओढून पडली, आणि सासूबाई उशाशी बसून सुंठेचा काढा फुंकून गार करू लागल्या. मालनला हेवा वाटला, चांगला घशापर्यंत आला.

ती तडक तळमजल्यावरच्या कुंदाकडे गेली आणि थर्मामीटर मागून घेतला.

"आज बिस्किटांचा वास काय मस्त सुटलाय ना कारखान्यातून?" कुंदा म्हणाली.

मालनला काही वास आला नाही. तिचं लक्षच कुठं होतं!

वर येऊन तिनं थर्मामीटर अनुपमाच्या जिभेखाली सरकवला. दोन मिनिटांनी खिडकीपाशी नेऊन पाहिला. अठ्ठ्याण्णव.

"बघा आई. ताप नाही हिला."

सासूबाईंनी मानही वर केली नाही. "पडशात ताप असतोच असं कुठंय? तापाशिवायही अंग मोडून येतं. निजू दे पोरीला."

गेल्या श्राद्धाला वाहतं नाक पुसत मालनने पंचवीस पानं वाढली होती. तेव्हा सासूबाईंनीच तिच्या कपाळाला हात लावला होता. म्हणाल्या होत्या, "ताप नाही ना? मग झालं तर."

ती मोरीत जाऊन थर्मामीटर धुऊ लागली. तिचाही घसा सकाळपासून खवखवत होता, अंग ठणकत होतं. दाराकडे पाठ करून तिनं तो आपल्या जिभेखाली धरला.

एकशे एक.

आता नियमाप्रमाणे रजा पक्की. बाहेर जाऊन दाखवायचं, एवढंच. बाहेर सासूबाई म्हणत होत्या, "आणखी एक घोट घे गं."

मालनने दोन झटके देऊन पारा खाली आणला.

"काय करतेयस मोरीत एवढा वेळ?"

"थर्मामीटर धुतेय."

मग परात ओढून ती कणीक मळायला बसली.

"ताप बघून काय, कुणीही नीज म्हणेल," ती पिठाला म्हणाली.