मधल्या सुट्टीतली गणितं

मधल्या सुट्टीत सहावीचा सगळा वर्ग मैदानावर पळायचा. मॅरिट मात्र कोवाल्स्की सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची.

"सर, अजून एक गुणोत्तराचं घाला ना. शाब्दिकच हवं."

"अगं, परीक्षा होऊन गेली, पासही झालीस. मिनेसोटात ऊन पडलंय बाई, जा की खेळायला!"

"सत्तर टक्के, सर. म्हणजे दहातली तीन चुकली. एवढी चुकून मला चालणार नाही."

पोरगी हट्टालाच पेटली होती. सर गणित घालायचे, तिचं चुकायचं. ती खोडायची, ओठ घट्ट मिटून पुन्हा मांडायची. अख्खा एप्रिल असाच गेला.

मे महिन्यात वर्ग तळ्याकाठी मुक्कामाला गेला. शाळेच्या नर्सबाई सोबत नव्हत्या. संध्याकाळी शेकोटीवर मार्शमेलो भाजले गेले, चॉकलेट आणि बिस्किटं हातोहात फिरू लागली. मॅरिटने आपला वाटा घेतला, पाकिटांवरचे कर्बोदकांचे आकडे वाचले आणि पुटपुटली, "बारा ग्रॅमला एक युनिट, तर छत्तीस ग्रॅमला?"

सर लगबगीने शेजारी येऊन बसले. "मी सांगू?"

"नको. मी करते, तुम्ही फक्त तपासा." क्षणभराने ती म्हणाली, "तीन."

"बरोबर," सर म्हणाले.

मॅरिटने सदरा वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, नर्सबाईंच्या हिशोबाने नव्हे तर स्वतः काढलेल्या उत्तराएवढं इन्सुलिन टोचून घेतलं.