रविवारची सहल

नांदेडच्या अंबरीशनं वर्षभर डोळे फोडून एका दिवसाच्या सहली ठरवणारं ॲप केलं. कुठं जायचं, कधी निघायचं, गाडी केवढी लागेल, सगळं तेच सांगणार. "तुला जमलं तर कुणालाही जमेल," असं म्हणत त्यानं फोन आधी बायकोच्या, मुग्धाच्या हातात दिला.

मुग्धानं पिठाचे हात ओढणीला पुसले. सहल म्हटलं की तिला पहाटे उठून थापलेली धपाटी आठवायची, सासूबाईंच्या गोळ्या, पोरांचे जादा कपडे. सहस्रकुंडाला ती दोनदा जाऊन आली होती, पण दोन्ही वेळा धबधब्याकडं पाठ करून वाढत बसली होती.

तिनं ठिकाण टाकलं, रविवार टाकला, माणसं टाकली आणि फोन परत दिला. कुठंच अडली नाही म्हणून अंबरीश खूश झाला. मग स्क्रीन बघून त्याचं तोंड उतरलं.

"अगं, मोजण्यात घोळ हाय यात. आपण घरात सहा जण, अन् हे पाचच दाखवून राहिलं. आता सगळं पुन्हा तपासावं लागतंय!"



"काही तपासू नका, ॲप बरोबर हाय," मुग्धा म्हणाली. "रविवारी मी घरी झोपणार हाय."