जप्तीचा पंचनामा

“या निबंधाला वीसपैकी अठरा गुण कुणी दिले?” ठाणेदार साहेबांनी विद्यापीठातल्या विभागाच्या खोलीत येऊन कागद टेबलावर आपटले.

“मीच,” सर म्हणाले, आणि लगेच खाकरून, “म्हणजे, मांडणीला हो. मजकुराशी आमचा काय संबंध!”

टिपणबाई दाराशी सावधानमध्ये उभी होती. दिसेल ते वहीत टिपून ठेवायची खोड, म्हणून पोलीस भरतीतली पोरं तिला याच नावानं चिडवायची. नवा नियम आला होता. भरती झालेल्या प्रत्येकानं आठवड्यातले चार दिवस ठाण्यात काढायचे, दोन दिवस विद्यापीठात. तीन वर्षांनी पदवी मिळाली तरच नोकरी पक्की. सरांचा विषय होता ‘नोंद आणि पुरावा’. ठाण्यात पाहिलेला एक प्रसंग लिहा, असं त्यांनी सांगितलं होतं. ऐकीव नको, वेळ लिहा, जागा लिहा, नोंदवहीचं पान लिहा, म्हणून घसा कोरडा केला होता. हुशार मंडळींनी हरवलेलं मूल आईच्या हवाली केल्याच्या गोष्टी रचल्या. ही वेडी खरोखर पाहिलेलं लिहून बसली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांना ठाण्यात आणलं. गुन्हा काय, तर साहेबांच्या गाडीला वाट करून द्यायला त्यांनी उशीर केला. त्यांना जिन्याखाली बसवून ठेवलं. पाणी हिनंच नेऊन दिलं, दोनदा. बुधवारी रात्री कुठलंसं गोदाम फुटलं. आणि गुरुवारी नोंदवहीत, पान एक्केचाळीसवर, काका गोदाम फोडल्याबद्दल पकडले गेले. गुरुवारी! मंगळवारपासून जिन्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस बुधवारी गोदाम फोडायला गेला कसा, भिंतीतून? हे सगळं तिनं लिहिलं, खाली पानाचा आकडा दिला, आणि गुण मिळाले म्हणून हरखून मैत्रिणीला दाखवलं. ते ठाण्यात पोचायला असा कितीसा वेळ लागतो?

उद्या काकांना पुन्हा न्यायालयात उभं करायचं होतं. ठाण्यातले झाडून सगळे मूग गिळून गप्प होते. काका मंगळवारी आत होते हे सांगणारं दुसरं काहीही कुठे नव्हतं, फक्त हे तीन कागद.

“हे बघ पोरी,” साहेब आवाज साखरेत घोळवत म्हणाले, “तू मला मुलीसारखी. दुसरं काहीतरी छानसं लिहून दे. सर अठराचे एकोणीस करतील. काय सर?”

“वीस करू की,” सर म्हणाले.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. साहेबांकडून तिनं कसली अपेक्षाच ठेवली नव्हती. पण सर? परवापर्यंत फळ्यापुढे खऱ्याच्या एवढ्या गप्पा ठोकणारा माणूस, आणि एका खाकी शर्टापुढे इतका पातळ व्हावा?

“सर, तुम्हीच म्हणालात ना, पाहिलंय ते लिहा म्हणून?”

“अगं, ते परीक्षेपुरतं,” सर म्हणाले. “इतकं मनावर काय घेतेस!”

साहेबांनी कागदांची घडी घातली, खिशात टाकली, वर बटण लावलं. “संपला विषय.”

“नाही साहेब.” आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. पुढे होऊन तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला. “जप्ती केलीत तुम्ही. जप्तीला पंचनामा लागतो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही शिकवलंत.”

“डोकं फिरलंय का तुझं? नोकरी जाईल.”

“जाईल साहेब.” आईचं औषध, धाकट्याची शाळा, सगळं त्या नोकरीवर होतं. ते आठवलं तशी पहिली ओळ वाकडीच गेली. पण ती लिहीत राहिली, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत राहिली. “वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. जागा, विभागाची खोली. जप्त केलेली वस्तू, निबंध, पानं तीन. त्यातला मजकूर असा. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता...”

साहेबांनी हात पुढे केला खरा. पण दार सताड उघडं होतं आणि पुढच्या तासाला निघालेली भरतीतली पोरं व्हरांड्यात थबकून ऐकत होती. एवढ्या डोळ्यांदेखत पोरीच्या हातातून कागद हिसकावायचा, तर तेही बरं दिसेना. त्यांनी हात मागे घेतला. तिनं मंगळवार लिहिला, बुधवार लिहिला, पान एक्केचाळीस लिहिलं, आणि मान वर केली.

“दोन पंच हवेत.”

व्हरांड्यातली पोरं आपापले बूट बघायला लागली. काल डब्यातला घास भरवणारी मैत्रीणसुद्धा. सरांना एकाएकी मीटिंग आठवली, पण दाराच्या वाटेत साहेब उभे, जाणार कुठून?

दाराबाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि पोरांना बाजूला सारत त्या आत आल्या.

“खिशात टाकताना मी बघितलंय,” त्या म्हणाल्या. “कुठं करायची सही?”

ओले हात त्यांनी आधी नीट पुसले. मग टेबलावर वाकून, एकेक अक्षर जुळवत सही केली. घाई म्हणून केली नाही. पेन तसंच हातात धरून त्या सरांकडे वळल्या.

“दुसरा पंच तुम्ही होताय ना सर? की खाली मीच आणखी एकदा करू?”