बसलेला घसा

लग्नाआधी समोरच्या घरातून ऐकू यायचा तो आवाज आजीच्या कानात अजून ताजा होता. आजोबांच्या त्या नव्या घराला रंग लागत होता, खोल्या रिकाम्या होत्या, आणि रेडिओवरचं एक गाजलेलं गाणं तिथून घुमत यायचं. "तुम्हीच गाता का हो ते?" असं तिने लग्न ठरताना विचारलं, तेव्हा आजोबांनी हळूच मान डोलावली. लग्न झालं, आणि त्यांचा घसा जो बसला, तो आजतागायत उठला नाही.

परवा नात फोनवर त्याच गाण्याची नवी नवी कव्हर ऐकवत होती. "आजी, सगळ्यांत भारी कोणी गायलंय?"

"तुझ्या आजोबांनी," आजी मटार सोलता सोलता म्हणाली. "त्या समोरच्या घरात."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, आता या वयात काय लपवू? गाणारा मी नव्हतो. तो रंगारी होता, शिडीवर बसून गायचा. खरं सांगितलं तर तू नाही म्हणशील, या धास्तीने मान डोलावली."

"रंगारी गोडच गायचा हो," आजी म्हणाली. "पण मी त्याचं कुठे म्हणतेय?"

आजीने पुढची शेंग फोडली.

"तो जेवायला गेला, की तुम्ही त्याचा ब्रश हातात धरून तेच गाणं म्हणायचात आणि वरच्या ओळीला चिरकायचात. मी खिडकीत यायचे, ती तेवढ्यासाठी."