एकाच डब्यात

"उद्यापासून येऊ नका," एवढंच मावशींना सांगून मालकीणबाई पुढच्या काउंटरवर निघून गेल्या. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत टेबलावर एक करडा कोट पालथा पडला होता. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग, अगदी टोकासकट.

मावशींचं काम डाग काढायचं. इस्त्री करायला दुसरी बाई होती. ती फोनवर बोलायला बाहेर गेली आणि इस्त्री तशीच कोटावर राहिली. जळका वास आला तशा मावशी धावल्या, त्यांनीच ती उचलली. नेमक्या तेव्हाच मालकीणबाई आत आल्या. "मी नव्हतेच इथं. मावशी करत होत्या इस्त्री," असं सांगून इस्त्रीवाली नामानिराळी झाली. मावशी खरं काय ते सांगत राहिल्या. पण इस्त्री त्यांच्याच हातात, मग ऐकणार कोण?

जेवायची वेळ झाली. मावशींनी सवयीनं डबा उघडला आणि इस्त्रीवाली सवयीनंच समोर येऊन बसली. दोघी रोज एकाच डब्यात जेवायच्या. जेवताना ती खोडी काढायची, "मावशी, तुम्हा ख्रिस्ती लोकांत देव तीन ना?" मावशी न चिडता म्हणायच्या, "एकच गं बाई. पुन्हा सांगू?" तिला त्यांनी लेकीसारखं धरलं होतं. परक्या कोणी हे केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

"रागावलात?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"हो."

"तुम्हाला कुठंही काम मिळेल, मावशी. मला कोण ठेवणार? आणि तुमच्यात दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायचंच असतं ना? तुमच्या येशूनं नाही का घेतलं? म्हटलं, तुम्ही समजून घ्याल."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. घास भरवावा तसं जे समजावून सांगितलं, त्याच्याच आधारानं हिनं केसानं गळा कापला होता.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, समजावणीचा. "त्यानं ते स्वतःहून घेतलं. आपलं उचलून दुसऱ्याच्या गळ्यात घाला, असं त्यानं कुठंच सांगितलं नाही."

"बरं, मग माफी मागते. माफ तर तुम्ही करताच की."

"करतो आम्ही. तुलाही करीन. पण माफ केलं म्हणून झालेलं न झालेलं होत नाही. मालकीणबाई बाहेरच आहेत. सांगतेस जाऊन?"

इस्त्रीवालीनं दाराकडे पाहिलं. मग मान खाली घालून डब्यात हात घातला.

मावशींच्या डोळ्यांत आता पाणी आलं.

"येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा कोणी परका नव्हता," त्या म्हणाल्या. "त्याच्याच माणसांतला होता. शेवटच्या जेवणाला त्याच्याच ताटात हात घालून जेवला."

इस्त्रीवालीचा हात डब्यातच थांबला.

मावशींनी डबा तिच्याकडे सरकवला.

"जेव," त्या म्हणाल्या. "त्या धरून देणाऱ्यालाही कोणी ताटावरून उठवलं नव्हतं."