एक खोली, चार वर्ग

त्या संध्याकाळीही आई शाळेतून आली, पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागली. शाळेत एकाच खोलीत चार वर्ग आणि शिकवायला ती एकटी, त्यामुळे घरातही तिचं तसंच चालायचं. पाठमोरी भाजी चिरता चिरता म्हणाली, "पहिली, टीव्हीचा आवाज कमी. चौथी, नखं कुरतडू नका." पहिली म्हणजे बाबा आणि चौथी म्हणजे लेक. दोघांनी मुकाट्याने ऐकलं.

"दुसरा शिक्षक मागितला होतास, त्याचं काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काय होणार? ऑफिसात म्हणाले, बाई, तुमचं छान चाललंय की!"

"चालणारच," लेक म्हणाली. "तुझ्या पाठीलाही डोळे आहेत. शिवाय सुट्ट्याच सुट्ट्या!"

आईने ओला हात तिच्या तोंडावर झटकला आणि खुदकन हसली. पहाटे झोपेतच आईचं हृदय थांबलं.

महिन्याभराने लेक आईची शाळेत राहिलेली छत्री आणायला गेली. आईच्या जागी शिक्षक आले होते. एक नव्हे, दोन. शाळा नुकतीच सुटली होती. नवे सर टेबलावर डोकं टेकून बसले होते, नव्या बाईंचा घसा पार बसला होता.

"ताई, आम्ही दोघं असून मेटाकुटीला येतो हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुमच्या आई घरी गेल्यावर काय करायच्या?"

"स्वयंपाक."

मग रिकाम्या फळ्याकडे बघत, इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेलं तिने मोठ्याने विचारलं, "आई, दमलीस का गं?"